हिल्डाबाईंची सही

सत्त्याऐंशी वर्षांत हिल्डा प्रिचर्डने इंग्लंडमधलं आपलं डडली गाव सोडलं नव्हतं. चाळीस वर्षं तर ती तिथल्या साखळ्यांच्या कारखान्यात राबली. गेली नऊ वर्षं रोज घरी येऊन तिला आंघोळ घालणारी घानाची एफुआ आता ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज भरत होती. ‘हिला मी ओळखते’ म्हणून हिल्डाने त्यावर साक्षीदाराच्या जागी ऐटीत सही ठोकली.

"आजी, तुमची चालणार नाही. ब्रिटिश पासपोर्टवाल्याचीच सही हवी," एफुआ नियम वाचून म्हणाली.

"मला कशाला पासपोर्ट? मी कुठे गेलेच नाही!"

"तेच तर!"

"म्हणजे देशाबाहेर हिंडतो तो खरा ब्रिटिश, आणि इथेच झिजलेली मी कोण? मेले शहाणे!" हिल्डा कडाडली. "तुझा कागद ठेव बाजूला. आधी माझ्या पासपोर्टचा फॉर्म आण!"