तिच्यावाचून अडत नाही

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत तिला सगळे घडीताई म्हणत. चादर तिच्या हाताखालून गेली की सुरकुतीची काय बिशाद! लाँड्रीचे प्रमुख होते काका. नात्याने कुणाचेच नाहीत, पण सगळ्यांचे काका. रक्ताचा डाग गरम पाण्यात घालायचा नाही इथपासून वरच्या साहेबांशी कसं बोलायचं इथपर्यंत सगळं त्यांनीच तिला शिकवलं. नव्या शाखेसाठी लाँड्रीप्रमुख नेमायचं ठरलं, तेव्हा ते म्हणाले, "तू कशाला घोर लावून घेतेस? मी आहे ना."

या हॉटेलात वरची जागा अर्ज करून मिळत नसे. साहेबांच्या खोलीत दार लावून बैठक व्हायची आणि प्रत्येक प्रमुख आपल्या माणसासाठी बोलायचा. ज्याच्याबद्दल बोलणं चाले, तो बिचारा खाली कामात असायचा.

काका जीव तोडून बोलले. साहेबांच्या सेक्रेटरीच्या तोंडात तीळ भिजत नसे. जेवणाच्या सुट्टीत तिनेच सांगितलं. "अगं, किती कौतुक केलं! म्हणाले, तिच्याशिवाय माझ्या लाँड्रीत पान हलत नाही. मग साहेब म्हणाले, असं असेल तर तिला इथून हलवायचंच कशाला?"

आता याला कौतुक म्हणायचं की कुलूप? जागा बाहेरच्या कुणाला तरी मिळाली. आपलं काय चुकलं, हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. घडीताईला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. आलं नाही. रागही आला नाही. तिने ट्रॉली ओढली आणि उशांचे अभ्रे लावायला घेतले. घरी नवऱ्याने विचारलं, "काय झालं गं?" "काही नाही," ती म्हणाली, आणि खरंच तिला काही होत नव्हतं.

पुढे काका निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची तिला मिळाली. त्याचाही तिला ना आनंद, ना दुःख.

हाताखाली एक उंच, बडबडी मुलगी होती. सगळे तिला जिराफ म्हणत. वरच्या फळीवरचे टॉवेल ती टाचाही न उचलता काढायची. कामाला वाघ, आणि दिवसभर "ताई, हे बघा, ताई, ते सांगा." घडीताईशी एवढं बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. आणखी एक शाखा निघाली, तेव्हा जिराफ म्हणाली, "ताई, तुम्हाला अडचण होणार असेल तर मी नाही जायची हं."

बैठकीत साहेबांनी विचारलं, "ती गेली तर तुमचं कसं व्हायचं?"

काकांचंच वाक्य घडीताईच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "तिच्यावाचून माझं काही अडत नाही. मी दुसरं माणूस तयार करीन. नवी लाँड्री मात्र तिच्यावाचून उभी राहायची नाही."

जिराफला जागा मिळाली. सेक्रेटरीने खाली येऊन पहिलं वाक्य तेवढं पोचवलं.

शेवटच्या दिवशी जिराफ कपाटाच्या किल्ल्या द्यायला आली. बसली नाही. "माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही म्हणे."

खरं सांगितलं असतं तर पोरगी तिथेच थांबली असती. "नाही अडत," घडीताई म्हणाली. "जा तू."

ती मागे न बघता गेली. संध्याकाळी वरच्या फळीवरचे टॉवेल हवे होते. घडीताईने स्टूल ओढलं, वर चढली, हात लांब केला, आणि तिथेच उभी राहून हमसून हमसून रडली.