मुक्या चपला

लग्न होऊन मी पलूसजवळच्या सासरी आले तेव्हा आमच्या घरी चपला तयार होत. विकल्याही जात, पण सासऱ्यांच्या मर्जीने. गिऱ्हाईक ओट्यावर यायचे, नवी जोडी घालून चार येरझाऱ्या मारायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. चप्पल करकर वाजली पाहिजे, ही पहिली अट. तळाच्या दोन चामड्यांमध्ये काय घातले की ती वाजते, हे सासऱ्यांनी सासूबाईंनाही कधी सांगितले नव्हते. फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार तर जोडी परत घेऊन आले. "डावी बोलतीया, उजवी रुसलीया," अशी त्यांची तक्रार. सासऱ्यांनी उजवी उसवली, पाठमोरे बसून काहीतरी केले आणि दोघींचा समेट घडवून आणला.

या वाजण्याचा खरा उपयोग पायाला नव्हता, घराला होता. कुठल्याही घरचा सासरा गल्लीच्या तोंडाशी आला की करकर ऐकू यायची. तेवढ्यात आत पदर डोक्यावर जायचा, हसू आवरायचे आणि विषय बदलायचा.

मग बाजारात हलक्या, तयार चपला आल्या. आमच्या ह्यांनी आणि मी ठरवले, आता करणे पुरे, विकायचे. ओट्याचे दुकान झाले, मिरजेहून खोकी येऊ लागली. सासऱ्यांना मानाने पुढे बसवले आणि तिथेच माशी शिंकली. कुणी सँडल मागितली की ते ती पिरगाळायचे, वास घ्यायचे, पट्टा ओढून बघायचे आणि म्हणायचे, "दिवाळीपतूर टिकायची न्हाई. नगं घेऊ, गड्या." गिऱ्हाईक त्यांना नमस्कार करून समोरच्या दुकानातून तीच सँडल घ्यायचे.

माझी जीभ आधीच तिखट. एका दुपारी भाकरी थापता थापता मी सासूबाईंना म्हणाले, "मामांना दुकानात बसवलं तर आपुन समदी अनवाणी फिरू. त्यांचं काम संपलं आता. बसू द्यात घरात."

सासूबाईंचा चेहरा बघून मी मागे वळले. सासरे दारात उभे होते. पायात आमच्याच दुकानातली मऊ, मुकी सँडल. मीच हौसेने दिलेली.

ते तांब्याभर पाणी प्यायले आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून दुकानात आले नाहीत. मागच्या पडवीत हत्यारांची पेटी पुढ्यात घेऊन बसायचे, उघडायचे मात्र नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माफी मागायला तोंड नव्हते, म्हणून मी रोज त्यांच्या चहात साखर जास्त घालत होते.

महिनाभराने ऊसवाल्यांच्या घरातली एक सून पोराचे बूट बघायच्या निमित्ताने आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "तुमच्या सँडलीनं आमच्या घरात आग लावलीया. मी मामांची नक्कल करत हुते, आन् मामा मागं हुबं." दुसरीच्या सासऱ्यांनी ती चोरून खात असलेली भजी पाहिली होती. तिसरीने काय झाले ते सांगितलेच नाही, नुसते डोळे पुसले. आठवड्यात सहा सुना येऊन गेल्या. सगळ्यांचे मागणे एकच, आमच्या म्हाताऱ्याला वाजणारे काहीतरी द्या. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली होती आणि बांधणारा माझ्यावर रुसून पडवीत बसला होता.

शेवटी मी पडवीत गेले. जमिनीकडे बघत सगळे सांगितले. दर वाक्याला माझाच गुन्हा मी मोठ्याने वाचून दाखवतेय असे वाटत होते.

"म्हंजी सुनांनी मागणी केलीया?" सासऱ्यांनी विचारले.

"व्हय."

"सासऱ्यास्नी ठावं हाय?"

"न्हाई."

ते खोकला येईपर्यंत हसले. मग पेटी उघडली. सँडलचा तळ उसवायचा, आत आपले गुपित घालायचे, खालून चामडे शिवायचे. त्या जोड्या आम्ही वेगळ्या फळीवर ठेवल्या. सासरेमंडळी यायची, चार येरझाऱ्या मारायची आणि खूश होऊन म्हणायची, "कंपनीला आत्ता अक्कल आली." सासरे पुन्हा दुकानात बसू लागले.

स्वतःची जोडी मात्र त्यांनी मुकीच ठेवली. मी स्वयंपाकघरात दर दोन मिनिटांनी मागे वळून बघायची. शेवटी एके दिवशी मीच न राहवून म्हणाले, "आवं मामा, तुमची बी वाजती करा की."

"माझ्या सुनंची मागणी कुटं आलीया?"

मी त्यांच्या पायातली सँडल काढून घेतली, पेटीजवळ ठेवली आणि म्हणाले, "आली. चुकलं माझं, मामा." त्यांनी पेटी पुढ्यात ओढली. संध्याकाळी घरभर करकर सुरू झाली.

आता त्यांचे हात थरथरतात, पेटी बंदच असते. पण अजूनही स्वयंपाकघराच्या दाराबाहेर ते थांबतात आणि जागच्या जागी पाय हलवून दोन-तीनदा करकर वाजवतात. परवा मी आतून म्हणाले, "या मामा, तुमचंच बोलत हुतो."

"चांगलं का वाईट?"

"वाईट."

"मग घ्या आटपून," ते म्हणाले, "हुबा हाय मी."