नळावरचे वजन

आमच्या घरी ज्वारीचे पोते येण्याआधी त्यातले शंभर दाणे येत. आत्या ते ओल्या कागदावर दहा-दहांच्या ओळींत मांडायची, कागदाची गुंडाळी करायची आणि फडताळाच्या अंधाऱ्या कप्प्यात ठेवून द्यायची. चौथ्या दिवशी गुंडाळी उलगडून कोंब मोजायची आणि मगच दुकानदाराला होकार जायचा. बाबा दर वर्षी तेच म्हणायचे, "अक्का, आपल्याला भाकरी करायची आहे, पेरायची नाही." आत्याचे उत्तरही ठरलेले होते. "जुना माल नवा म्हणून विकतात. मेलेला दाणा उगवून दाखवत नाही."

बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत तिची सारी नोकरी झाली होती. सीलबंद पाकिटे फोडून त्यांच्यावर छापलेले शब्द खरे आहेत का, हे पाहणे हे तिचे काम. निवृत्तीनंतर पाकिटे संपली, सवय राहिली. घरात आम्ही तिघेच. बाबा, त्यांची ही थोरली अविवाहित बहीण, आणि मी. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. त्यामुळे मला वाढवण्याचे काम आत्याकडे आले आणि तिने ते एखादा नमुना तपासणीला आल्यासारखे, म्हणजे अत्यंत निष्ठेने आणि पूर्ण अविश्वासाने केले.

तिचे दोन प्रश्न होते. पहिला, "कशावरून?" आणि दुसरा, "सांगणाऱ्याचा फायदा कशात?" सातवीत असताना गणिताच्या बाईंनी मला वर्गात सर्वांत हुशार म्हटले, तेव्हा मी धावतच घरी आले होते. आत्याने भाजी चिरता चिरता विचारले, "बाई शिकवणी घेतात का गं?" घेत होत्या. "मग थोडं थांब. ज्याचा त्यात काहीच फायदा नाही, असा माणूस म्हणेल तेव्हा धर खरं." मी त्या दिवशी खूप रडले. पुढे विज्ञान शिकताना मात्र माझ्या लक्षात आले, की इतरांना ज्या गोष्टी पुस्तकातून शिकाव्या लागत होत्या, त्या मला भाजी चिरण्याच्या आवाजासह पाठ होत्या.

बंगळूरला संशोधनासाठी माझी निवड झाली, त्या उन्हाळ्याची ही हकिगत. महिनाभरात हजर व्हायचे होते. जाण्याआधी घरातला जुना संडास काढून तिथे कमोड बसवावा, असे मी आणि बाबांनी ठरवले. आत्याची सत्तरी उलटली होती. प्रस्ताव ऐकताच तिने चष्म्यावरून आमच्याकडे आळीपाळीने पाहिले.

"माझ्या गुडघ्यांची एकाएकी चौकशी का?"

"सगळ्यांच्याच सोयीचं आहे, अक्का," बाबा म्हणाले.

"सगळे म्हणजे कोण? तुझे गुडघे बरे आहेत. हिचे पंचविशीचे आहेत. राहिलं कोण?"

तरीही ती दुकानात आली, कारण तिच्याविना झालेली कोणतीही खरेदी तिला संशयास्पदच वाटायची. मी पाण्याचा वापर, उंची, बसवण्याची सोय, सुट्या भागांची उपलब्धता असा तक्ता करून नेला होता. आत्याने पिशवीतून स्टीलचा डबा नेला होता. त्यात काय आहे, ते तिने सांगितले नाही.

होटगी रस्त्यावरचे ते दुकान चकचकीत होते. कमोड एखाद्या समारंभातल्या पाहुण्यांसारखे ओळीने मांडले होते.

"पाणी कुठाय?" आत्याने विचारले.

"मॅडम, हा डिस्प्ले आहे. इथं पाणी जोडलेलं नसतं की," दुकानदार म्हणाला.

"मग यातून सगळं वाहून जातं कशावरून?"

"कंपनीनं तपासूनच पाठवलंय."

"कंपनीचा फायदा कशात?"

दुकानदाराने माझ्याकडे मदतीच्या अपेक्षेने पाहिले. मी तक्त्यात पाहिले. आत्याने डबा उघडला. आत भाकरीच्या पिठाचे घट्ट मळलेले, बोटाएवढे लांब वळलेले तुकडे होते.

"हे काय, आजी?"

"ज्वारीचं पीठ. आणि मघाशी मी मॅडम होते."

अर्ध्या तासाने दुकानामागच्या गटारावर, विटांच्या आधारावर, चार कमोड उभे होते. त्यांत आत्या मापाने पाणी ओतत होती. आमच्या भागात नळ रोज येत नाही. भरून ठेवलेल्या पाण्यातला प्रत्येक तांब्या आम्ही जपून वापरतो. तीन भांड्यांनी पीठ अडवून धरले. चौथ्याने ते एका दमात नेले. दुकानातले दोघे कामगार हसू दाबत होते. "हसा," आत्या म्हणाली. "तुमच्या घरी तुंबलं की आठवण काढाल."

"आता उंची," मी म्हणाले. "बसून बघ."

"बसायचं काय बघायचं? बसायलाच असतात सगळे." आणि ती फरशा पाहायला निघून गेली.

मला हे खटकले. आंबा दाबल्याशिवाय, कापड उसवून पाहिल्याशिवाय आणि औषधाच्या बाटलीवरची तारीख दोनदा वाचल्याशिवाय जी पुढे जात नसे, ती कमोडवर बसून पाहायला तयार नव्हती. आम्ही काहीही न घेता परतलो. "घाई काय आहे?" ती म्हणाली. घाई होती, आणि ते तिला माहीत होते.

त्या दिवसापासून मी तिच्यावर लक्ष ठेवू लागले. पिण्याच्या पाण्याचा तिचा स्वतंत्र तांब्या होता. सकाळी मीच तो भरत असे. मी आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक खूण केली. संध्याकाळपर्यंत पाणी खुणेच्या जेमतेम दोन बोटे खाली जायचे. सोलापूरचे ऊन, आणि दिवसभरात दोन बोटे पाणी. तीन दिवस मी पाहिले. तिन्ही दिवस तेच.

चौथ्या दिवशी अंबादास मिस्त्री मापे घ्यायला आले. आमच्या घरातली नळदुरुस्ती वर्षानुवर्षे तेच करत. संडासात बादलीसाठी गुडघ्याच्या उंचीवर एक नळ होता. मिस्त्रींनी तो धरून हलवला आणि बाहेर येऊन मला हळूच बाजूला घेतले.

"ताई, हा नळ मी दिवाळीत घट्ट केला, होळीला केला. परत ढिल्ला."

"वायसर गेला असेल."

"वायसर न्हाय. पाण्यानं नळ ढिल्ला होत न्हाय, ताई, वजनानं होतो. कुणीतरी रोज याला धरून उटतंय." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. "माझं नाव सांगू नका बरं का. मॅडम लई कडक हाईत."

मी स्वयंपाकघरात गेले. आत्या शेंगा फोडत होती.

"आत्या, तुला खाली बसलं की उठता येत नाही."

"कशावरून?"

"नळावरून. तांब्यावरून. आणि दुकानात बसली नाहीस त्यावरून. संडासात जावं लागू नये म्हणून तू पाणी पीत नाहीस."

तिने दोन शेंगा फोडल्या. "तांब्यावर खूण केलीस?"

"केली."

"कशानं?"

"पेन्सिलीनं."

"बरं केलंस. खडू पुसला असता." मग तिने टोपले बाजूला सारले. "दिवाळीच्या आधीपासून होतंय. एकदा पाऊण तास तिथंच बसून होते. तू कॉलेजात होतीस, तुझा बाप बँकेत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर बंगळूरला नकाराचं पत्र गेलं असतं. तू ते लिहूनही ठेवलंयस."

"कशावरून?" मी म्हणाले.

"तीन दिवस फोन पालथा ठेवतेस."

मसुदा खरोखरच फोनमध्ये होता. कौटुंबिक कारणास्तव रुजू होता येत नाही, अशा सभ्य वाक्यांत. एकाच घरात दोन तपासनीस असले की काय होते, ते त्या दुपारी मला कळले.

"मी दुकानात बसून दाखवते," आत्या म्हणाली. "पण तारीख बदलायची नाही. आधी ते पत्र पूस. माझ्यासमोर."

मी पुसले. तिने चष्मा लावून खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. आत्या पदर खोचून पहिल्या कमोडवर बसली. उठता आले नाही. आयुष्यात प्रथमच तिने माझ्यापुढे हात केला. तिचा हात इतका हलका असेल, असे मला वाटले नव्हते. "पुन्हा," ती म्हणाली. "एका दाण्यावरून पोतं ठरत नाही." प्रत्येकावर ती तीनदा बसली. दुसऱ्यावर एकदा उठली. तिसऱ्यावर आणि पीठ एका दमात नेणाऱ्या चौथ्यावर एकदाही नाही. दुकानातले कामगार या वेळी हसले नाहीत.

मग तिने दुकानदाराला विचारले, "तुमच्या आईला कुठला बसवलाय?"

तो आत गेला आणि गोदामातून एक साधा, पांढरा, उंच कमोड घेऊन आला. "हा. पण यात मला काही सुटत नाही, म्हणून पुढं ठेवत नाही."

"हा तुमचा पहिला खरा शब्द," आत्या म्हणाली. ती बसली, आणि उठली. तीनदा. मग डबा निघाला, आणि त्याही परीक्षेत तो पांढरा कमोड उत्तीर्ण झाला.

मिस्त्रींनी जुना नळ काढून त्याच जागी भिंतीत पांढऱ्या रंगाची एक आडवी लोखंडी दांडी पक्की केली आणि तिला स्वतः लोंबकळून दाखवले. मी ठरलेल्या तारखेला निघाले. स्टेशनवर आत्या एवढेच म्हणाली, "तिथं तुला हुशार म्हणतील. लगेच धरू नकोस."

पुढची तीन वर्षे दर रविवारी माझी उलटतपासणी चाले. पाणी किती? दोन तांबे. बाबांना विचारून मी पडताळा घेई. ते खरे निघे. उठताना त्रास? नाही. दांडी धरावी लागते का?

"छे. टॉवेल वाळत घालते तिच्यावर."

या उत्तराचा पडताळा मी कधी घेतला नाही. तिच्याच नियमाने पाहिले, तर असे सांगण्यात सांगणाऱ्याचा काही फायदा नव्हता. दांडी धरते म्हणाली असती, तर उलट मी तिच्या मदतीला धावत आले असते. म्हणून मी ते खरे धरले आणि निर्धास्तपणे माझे काम करत राहिले.

गेल्या माघात आत्या झोपेतच गेली. दहाव्याच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, मी त्या संडासात गेले आणि दार लावून घेतले. टॉवेल दारामागच्या खिळ्याला होता. दांडी रिकामी होती. दोन्ही टोकांना तिचा पांढरा रंग अजून नवा होता. मधे मात्र, एका मुठीएवढ्या जागेत, तो पार झिजून खालचे लोखंड उघडे पडले होते, आणि ते आरशासारखे गुळगुळीत होते.

टॉवेलाने रंग जात नाही.

मी त्या जागेवर हात ठेवला. मूठ बरोबर बसली. बाहेरून बाबांनी विचारले, "बरी आहेस ना गं?"

"बरी आहे," मी म्हणाले, आणि दांडी धरून उठले.