दचक्याची भीती कुठे गेली

त्याला दचक्या हे नाव मीच ठेवलं. हजेरीपुस्तकात दुसरं काहीतरी होतं, पण आमच्या बाइंडिंगखान्यात हजेरीपुस्तकाला विचारतो कोण? मी कटिंगमास्तर. वह्यापुस्तकं शिवून, चिकटवून झाली की त्यांच्या तिन्ही कडा कापून सरळ करायच्या, हे माझं काम. बत्तीस वर्षं ते पातं चालवलं आणि दहाच्या दहा बोटं घेऊन घरी आलो, हे आधीच सांगून ठेवतो.

दचक्या आला तेव्हा तिशीचा असेल. फोल्डिंगच्या टेबलावरून गठ्ठे उचलून माझ्याकडे आणायचे आणि कापलेले पुढे पॅकिंगला न्यायचे, एवढंच त्याच्याकडे होतं. अंगाने चांगला धडधाकट, पण मागून कोणी नुसतं "अहो" म्हटलं तरी गडी वीतभर उडायचा. म्हणे त्याचा बाप दार आपटत घरात यायचा आणि मग पट्टा काढायचा. पुढे बाप गेला, मावशीने ह्याला वाढवलं, पण दार आपटल्याचा आवाज काही त्याच्या अंगातून निघाला नाही. हे त्यानेच एकदा चहा पिताना सांगितलं. आम्हाला सांगितलं, तिथेच चुकला बिचारा.

कागदाचा गठ्ठा फरशीवर सपाट आपटला की कसा आवाज होतो, ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. दिवसातून एकदा तरी मी त्याच्या पाठीमागे जाऊन गठ्ठा आपटायचोच. एकदा त्याच्या हातात गरम खळीचा डबा होता. सगळी खळ दोन्ही पायांवर सांडली, फोड आले. पंधरा दिवस तो स्लिपर घालून टाचांवर चालत कामाला यायचा, आणि टाचांवर चालतो म्हणून आम्ही पोट धरून हसायचो.

त्याहून वाईट सांगतो. आता लपवून काय करू? कटिंग मशीनला एक दाबपट्टी असते. पायाखालचा दांडा दाबला की ती खाली येते आणि कागद घट्ट धरून ठेवते, म्हणजे पातं पडताना गठ्ठा हलत नाही. एका दुपारी तो वाकून गठ्ठा सरळ करत होता. मी दाबपट्टी खाली आणली आणि त्याच्या शर्टाची बाही पकडली. फक्त बाही, हाताला धक्काही नव्हता. मशीन चालू, डोक्यावर पातं. जेवणाची अख्खी सुट्टी मी त्याला तसाच ठेवला आणि दांड्यावर पाय ठेवून समोर बसून डबा खाल्ला. त्याने पँट ओली केली. फोल्डिंगवाली काकू तेवढी उठून बाहेर गेली, बाकी सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं ते सांगायला नकोच.

दुसरा असता तर काम सोडून गेला असता. हा दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. मग हळूहळू, कधीपासून ते मला नक्की नाही सांगता येणार, पण वर्षभरात त्याचं दचकणं कमी झालं. मी गठ्ठा आपटायचो आणि तो वळून बघायचा. आधी डोळे मिटून घ्यायचा, नंतर नुसता वळायचा, नंतर म्हणायला लागला, "मास्तर, पाठ धरेल. खाली वाकू नका इतके." माझ्या डोक्यात तिडीक गेली. अरे, तू मला सांगणार? पण खरं सांगायचं तर माझी मजा गेली होती. दिवसभर त्या धुळीत उभं राहायचं, पात्याकडे बघायचं, आणि हसायला एवढं एकच होतं.

आता दोऱ्याचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. आमचं मशीन जुनं. पातं पाडायला दोन बटणं, एक डाव्या टोकाला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय पातं पडत नाही. म्हणजे माणूस समोर सरळ उभा राहणार, त्याचे दोन्ही हात बटणांवर असणार, नजर पात्याखाली असणार. बनवणारा शहाणा होता. पण त्यात वेळ फार जातो. म्हणून मी सकाळी आलो की वह्या शिवायच्या जाड दोऱ्याने डावं बटण दाबून बांधून टाकायचो. मग उजव्या हाताने बटण, डावा हात पुढचा गठ्ठा ओढायला मोकळा. दीडपट काम व्हायचं. हे मी माझ्या उस्तादाकडून शिकलो, त्याने त्याच्याकडून. मालक कधी मशीनजवळ आले तर मी आधी दोरा सोडायचो. त्यांना दीडपट काम दिसायचं, दोरा दिसायचा नाही.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. मी लवकर परत आलो. काकूने वह्यांची पानं वाकडी घडी केली होती, तिला दुरूनच झापत होतो. तोंड तिकडे, उजव्या बाजूला. दाबपट्टी पायाने खाली घेतली आणि न बघता बटण दाबलं. डावीकडे खाली वाकून दचक्या पात्याखालची कागदाची कतरण काढत होता. कतरण साठली की गठ्ठा तिरका बसतो आणि मग मी जो समोर दिसेल त्याला शिव्या घालतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

उजव्या हाताची चार बोटं गेली. तो ओरडला नाही. हाताकडे बघत खाली बसला.

आणि मी काय केलं? पाणी नाही, फडकं नाही, मशीन बंद करणंही नाही. मी आधी कात्री घेतली आणि दोरा कापला. कापून खिशात घातला. मग "धावा रे" म्हणून ओरडलो. काकू तोवर पोचली होती, फडकं गुंडाळत होती, आणि गुंडाळता गुंडाळता तिने माझ्या खिशाकडे पाहिलं.

आठ दिवसांनी सरकारी तपासनीस येणार होते. प्रश्न सरळ होता. दोरा होता असं ठरलं तर मी गेलो, चोपन्नाव्या वर्षी, दुसरं काही येत नसताना. दोरा नव्हता असं ठरलं तर दचक्याने स्वतःच बेफिकिरीने हात घातला, आणि तो गेला. दोघांतला एक जाणार. तो मी नसावा म्हणून आदल्या दिवशी फळं घेऊन इस्पितळात गेलो. फळं कसली, दम द्यायलाच गेलो होतो. स्टुलावर बसून त्याला सांगितलं, तुझ्या मावशीचं घर मला माहीत आहे, तू दोऱ्याचा द जरी काढलास तर बघ.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्ही जेवलात का. मी म्हटलं, विषय बदलू नकोस, आणि चालू मशीनमध्ये हात घालायला कोणी सांगितलं होतं तुला?

तेव्हा त्याने सांगितलं. बाहीच्या त्या प्रकारानंतर तो घरी जाऊन मावशीला म्हणाला होता, आता उद्यापासून नाही जाणार, मास्तरांची भीती वाटते. मावशी म्हणाली, जा, आणि ज्याची भीती वाटते त्याचं रोज एक काम करून ये. त्याला न सांगता. मनापासून नाही झालं तरी चालेल, पण करायचं. म्हणून तो रोज माझं एक काम करायचा. कधी मशीनला तेल, कधी माझ्या प्यायच्या पाण्याचा माठ, कधी माझ्या स्टुलाचा हलणारा पाय. कतरण काढणं हे त्या दिवसाचं होतं.

"पहिले काही महिने नुसता थरथरत करायचो," तो म्हणाला. "मग तुम्ही दिसायला लागलात. तुमचा गुडघा दुखतो. वहिनी गेल्यापासून तुम्ही डब्यात रोज एकच भाजी आणता आणि अर्धी टाकून देता. मला वाटायचं, ह्यांना कोणीतरी विचारायला हवं. मग भीती कुठे गेली, मलाच कळलं नाही. आता तुमची काळजी वाटते, मास्तर, भीती नाही वाटत."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. चार बोटं गेलेला माणूस माझी काळजी करतो? मी म्हटलं, ही नाटकं उद्या साहेबांपुढे करू नकोस, आणि निघालो. फळांची पिशवी परत उचलून घेऊन आलो. हो, परत आणली.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या ऑफिसात तपासनीस बसले. दचक्या हात गळ्यात बांधून आला. मला वाटलं होतं एक तर तो घाबरून गप्प बसेल, नाही तर संत बनून मला वाचवेल. दोन्हींची तयारी करून गेलो होतो. त्याने दोन्हींतलं एकही केलं नाही. त्याने साध्या आवाजात सांगितलं की डावं बटण दोऱ्याने बांधलेलं होतं, ते रोज बांधलेलं असतं, मास्तर बांधतात. दोरा राहिला तर अजून कोणाचा तरी हात जाईल. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर वाईट नाहीत, साहेब. घाबरलेत."

ते शेवटचं मला लागलं. चोर म्हणाला असता तर सोसलं असतं. मी उठलो आणि तोंडाला येईल ते बोललो. खोटारडा आहे, भित्रा आहे, इथे पहिल्यापासून वेडाचार करतो, पँट ओली करतो, विचारा कोणालाही. विचारलं. पॅकिंगवाले म्हणाले, दोरा कधी पाहिला नाही. काकूला विचारलं. कोणाला किती फोल्डिंग द्यायचं ते माझ्या हातात होतं, आणि तिच्या घरी दोन पोरं शिकत होती. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती म्हणाली, माझी पाठ होती तिकडे. खाली मान घालून म्हणाली, पण म्हणाली.

साहेबांनी लिहिलं, कामगाराची बेफिकिरी. मालकांनी त्याला त्याच दिवशी काढलं. जाताना तो काकूजवळ थांबला आणि तिला सांगितलं की मनाला लावून घेऊ नका. ती रडायला लागली. मी तिला म्हटलं, घड्या कर, तोंड कशाला वेंगाडतेस.

सात वर्षं झाली ह्याला. दोन वर्षांपूर्वी मी काम सोडलं. त्याआधी सहा महिने नवीन माणूस शिकवून तयार केला. पात्याला धार कशी लावायची, गठ्ठा कसा ठोकायचा, आणि सकाळी आल्या आल्या दोरा कसा बांधायचा, सगळं शिकवलं. हाताला चपळ आहे. नवीन लग्न झालेला आहे.

घरी बसल्यावर माझं मलाच कळेना काय होतंय ते. दारावर कोणी टकटक केली की छातीत धस्स व्हायचं. पोस्टमन आला तरी वाटायचं, बाइंडिंगखान्यातून कोणी सांगायला आलं. रस्त्यात तो नवीन मुलगा दिसला की आधी त्याच्या हातांकडे बघायचो. मोजायचो. शेवटी गेल्या महिन्यात दचक्याचा पत्ता काढला.

तो एका बाळंतपणाच्या दवाखान्यात काम करतो. बाहेर बायका आणि त्यांची माणसं बसलेली असतात, हा डाव्या हाताने नंबर लिहून देतो आणि पुकारतो. केस पिकलेत. माझी पाठीमागून यायची जुनी खोड. लोखंडी खुर्ची उचलली आणि त्याच्या मागे आदळली. का आदळली, विचारू नका. बाकड्यावरच्या बायका दचकल्या, दोन पोरं रडायला लागली. तो सावकाश वळला. म्हणाला, "या मास्तर. बसा. गुडघा कसा आहे?"

मी बसलो. पाण्याचा पेला त्याने पुढे केला. मी त्याला सांगितलं की मी खोटं बोललो होतो. तो म्हणाला, माहीत आहे, मी तिथेच होतो की. मी म्हटलं, मला माफ कर. तो म्हणाला, ते तर कधीच केलं, त्यासाठी एवढ्या लांब यायची गरज नव्हती. इतकं सरळ म्हणाला की मला राग आला. मी सात वर्षं जे छातीवर वागवलं ते त्याने पावतीसारखं घेऊन बाजूला ठेवलं.

मग त्याने विचारलं, "दोरा अजून बांधतात का तिथे?"

मी मान डोलावली.

"मग मला काय सांगताय, मास्तर? मालकांना सांगा. आजच सांगा. त्या पोराचे हात आहेत अजून."

मी म्हटलं, आता कोण विचारणार, माझं नाव जाईल, जुनी फाईल उघडेल, लोक काय म्हणतील. पेन्शनीचं वय, इज्जत म्हणून काही असते. तो ऐकत राहिला. आणि मी त्याच्याकडे कसा बघत होतो ते सांगतो. बाही अडकलेली असताना तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर मी ओळखतो. आता तशा नजरेने मी त्याच्याकडे बघत होतो, आणि त्याला ते दिसत होतं. हसला मात्र नाही. माझा हात डाव्या हातात धरला आणि म्हणाला, मी येतो बरोबर, सुट्टी काढतो, दोघं जाऊ.

मी हात सोडवून घेतला आणि उद्या कळवतो म्हणालो.

त्याला महिना झाला. मालकांचं ऑफिस माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. रोज सकाळी चपला घालतो, कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो. दचक्याने दोनदा निरोप पाठवला, मी घरात नाही म्हणून शेजारणीला सांगायला लावलं. आज सकाळी मशीनला तो नवीन पोरगा उभा असेल, डावं बटण बांधून, आणि मी इथे बसून तुम्हाला सांगतोय.