सुरुंगाआधीचं दगडफूल

मामाचा दिवस पहाटे पाचला उगवायचा. त्या दिवशी चारलाच डोळे टक्क उघडे! अकराला दगडखाणीच्या कड्याला सुरुंग लागणार होता, आणि भाचीचं दगडफूल त्याच कड्यावर होतं. पिवळसर हिरवं, पानापानांचं, खडकाला बिलगून पसरलेलं.

भाची कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. मामाने आधी खरवडून डब्यातून आणलेला नमुना पाहून तिने कपाळाला हात लावला होता.

"मामा, हा चुरा झाला! झँथोपार्मेलिया वंशातलं आहे एवढं कळतं. जात कशी ठरवू? पानाखालचा रंग बघावा लागतो. दगडासकट आण ना."

"मग आधी बोलायचं! तीस वर्षं खाणीत दगड काढण्याशिवाय दुसरं काय करतोय मी?"

उजाडताच तो कड्याशी बसला. ओळीने भोकं पाडली, पाचरी बसवल्या, प्रत्येकीला सारखा ठोका. तीन तासांनी ताटाएवढा दगड अलगद सुटला. आणि हाताने घात केला. सुटलेला दगड तारेच्या ब्रशने घासायचा, ही जन्माची सवय. दोन फटक्यांत दगडफूल साफ!

"मामा, दगडाची दाढी करताय होय?" सुरुंगवाला खालून हसला.

"गप! किती वाजले?"

"सव्वादहा. इशाऱ्याची पहिली शिट्टी झाली की मी कुणाचा भाचा नाही हं!"

वर दगडफुलाचं आणखी एकच ठिगळ होतं, तळहाताएवढं. मामाने ब्रश आधी लांब भिरकावला. भोकं कमी, पण ठोके तेवढेच मोजून. घाईचा ठोका दगड फोडतो. शिट्टी वाजली तेव्हा शेवटची पाचर आत शिरत होती. दगड सुटला. शर्टात गुंडाळून मामा उघड्या अंगाने पळत सुटला.

दुपारी भाचीने पाणी शिंपडून सुईने पान उचललं.

"खालून काळं!" मग तपासणीच्या औषधाचा थेंब. पिवळा झाला, बघता बघता लालभडक. "मामा, लाल!"

"लाल म्हणजे चांगलं की वाईट?"

"आपल्या भागाच्या यादीत या वंशाच्या दोनच जाती. एक खालून फिकट, दुसरी लाल होत नाही. ही तिसरीच! आता शहरातल्या संग्रहालयात नेऊन जुन्या नमुन्यांशी ताडून बघायची. पण हादरे नकोत हिला."

त्या आठवड्याच्या मजुरीतून मामाने बसची तीन तिकिटं काढली. एक भाचीचं, एक स्वतःचं, आणि खिडकीजवळचं दगडाचं.