नगरच्या ट्रॅकवरची सपाट जागा

संगमनेरहून नगरला निघताना आईने पिशवीत लाडू आणि एक ताकीद दिली, "तिथं फार हुशारी करू नकोस." लाडू तीन दिवस पुरले. ताकीद वाटेतलं लोणी गाव यायच्या आतच विसरलो.

माळावरच्या त्या सरकारी प्रयोगशाळेत जड गाड्यांची तपासणी होते. सहा आठवडे काम आणि शेवटी प्रमाणपत्र. ते नसेल तर कॉलेज माझं वर्ष अडवणार होतं. फाटकावर मोबाईल जमा झाला. आत आकडे वहीत हाताने लिहायचे, शाईने, आणि खाली सही. खोडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची आणि शेजारी कारण लिहायचं. मला ही रीत पुराणकाळातली वाटली.

पाचव्या आठवड्यात मी खडबडीत ट्रॅकवर एका ट्रकची थरथर मोजली. चुंबकाचा सेन्सर सीटमागे चिकटवला. आलेखात अशी उंच लाट आली की मी वहीत लिहून शेख मॅडमना सांगून टाकलं, गाडीच्या सांगाड्यातच दोष आहे. मॅडम आमच्या गटाच्या प्रमुख. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी गाडी खोलू."

दुपारी ड्रायव्हर बाबूमामांनी डबा पुढे केला. मामा जामखेडचे. डब्यात शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची वळलेली कडी, झणझणीत रश्शात शिजवलेली). पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं.

"इंजिनेरसाहेब, ते यंत्र कुठं लावलं हुतं?"

"सीटमागे. सपाट जागा बघून."

"ती माझी पान्यांची पेटी हाय. झाकन लई दिसाचं ढिलं हाय तिचं."

"मग बोलला का नाहीत, मामा?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी तर मलाच गियर कसा टाकायचा ते सांगत हुता." मामांनी रस्सा भुरकला. "मी न्हाई कुनाला बोलायचो. पर उद्या गाडी खोलली का परत जोडायला मीच बसनार, व्हय का न्हाई?"

मॅडमच्या खोलीपर्यंतचा व्हरांडा त्या दिवशी बराच लांब झाला होता. सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याने जास्त घाम फुटला. त्यांनी वही सरकवली.

"एक रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. आणि कारण."

मी लिहिलं : सेन्सर ट्रकवर नव्हता, पान्यांच्या पेटीच्या झाकणावर होता. सही केली. मॅडमनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हसू ओठांत दाबून.

दुसऱ्या दिवशी सेन्सर कुठे लावायचा हे मी आधी मामांना विचारलं. आलेख अगदी रटाळ आला. गाडी ठणठणीत होती.

प्रमाणपत्र मिळालं. त्यावर 'समाधानकारक' एवढाच शेरा. परतीच्या एसटीत खिडकीची काच खडखडत होती. इंजिनाला नावं ठेवण्याआधी मी काचेवर तळवा टेकवला. आवाज थांबला. राहुरीपर्यंत तसाच हात टेकवून बसलो.

दारातच आईने विचारलं, "हुशारी केली नाहीस ना?"

"एकदाच केली. शाईने लिहून ठेवलीय तिथं."