इंदूची वाटी

दुपारी बालवाडी सुटायच्या वेळेला इंदूचे रमेशभाऊ माझ्या दारात येऊन उभे राहिले. हातात इंदूच्या चपला. पाचवा महिना होता तिला, सकाळी अंगावरून जायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं होतं. मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "शालूताई, ह्या तिकडेच राहिल्या असत्या..." इंदूला जाऊन दीड महिना झाला.

इकडे परमुलखात, डिंडोलीच्या वस्तीत, आमच्या खोल्यांची भिंत एकच. दोघी धुळ्याकडच्या, दोघींचे नवरे बमरोलीच्या कापडमिलमध्ये. भाजी झाली की वाटी पलीकडे जायची, आणि कधी रिकामी परत यायची नाही. दुखणंही सारखंच, माझे दोन गर्भ गेलेले, तिचे तीन. चार-पाच वर्षांपूर्वी आम्हाला एकदमच दिवस राहिले, तेव्हा आमच्या डॉक्टरबेननी गर्भ टिकवण्याच्या गोळीची पारख मांडली होती. काही बाटल्यांत औषध, काहींत दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय, ते बेननाही ठाऊक नव्हतं. आम्ही माना डोलावल्या, सह्या केल्या. रस्त्यात इंदू म्हणाली, "माय वं! ताई, एकीची बाटली फुसकी निघाली तर? अर्धी-अर्धी वाटून घेऊ." दुसऱ्या दिवसापासून वाटीत भाजीशेजारी पुडीत अर्धी गोळी. मूर्खपणा म्हणा हवं तर, पण एकटीनं खायची रीत आमच्यात नव्हती.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मला डाग दिसला. त्या दिवसापासून माझी गोळी मी अख्खी गिळली आणि इंदूच्या वाटीत कॅल्शियमची अर्धी गोळी ठेवली. बारा दिवस. तिच्याकडून तिची अर्धी येतच होती, तीही मी खात होते... तेराव्या दिवशी भिंतीपलीकडून तिचं कण्हणं ऐकू आलं. तिचा गेला, माझी चिमी टिकली.

वाटून खाल्ल्याचं इंदूनंच बेनना सांगितलं. बेननी कपाळावर हात मारला. "अगं, आता पारखीत तुमचं दोघींचं काहीच धरता येणार नाही!"

"बेन, बाटल्या भरायच्या आधी आम्हाला विचारायचं होतं," इंदू म्हणाली. "तीनदा पोट रिकामं झालेली बाई फुसकी गोळी खाऊन गप बसेल?"

"आणि औषधच बाधलं तर, इंदू? पारखल्याशिवाय सगळ्यांना कसं देऊ?"

दोघींचंही खरं होतं. पुढच्या पारखीच्या वेळी बेननी आधी बायकांना बसवलं. भीती कशाची वाटते, बिनऔषधाची गोळी चालेल का, कुणाला काय मिळालं ते नंतर सांगायचं का, सगळं विचारलं. इंदूच जास्त बोलली. आमच्या बाटल्यांत काय होतं, हे विचारायची छाती मला आजवर झालेली नाही. मी तिच्यापासून औषध लपवलं की विष, कोण जाणे.

परवा रमेशभाऊ माझी वाटी परत द्यायला आले. "तिच्या कुंकवाच्या डब्यामागे होती, ताई." आत कागदाची पुडी. उघडली. कॅल्शियमच्या अर्ध्या गोळ्या, बाराच्या बारा.

पहिल्याच दिवशी ओळखलं होतं तिनं. तरी तिची अर्धी येत राहिली, रोज.

वाटी ओट्यावर तशीच आहे. चिमी विचारते, "आई, इंदूमावशीच्या वाटीत आज काय द्यायचं?"